सांध्याला चार मिलिमीटर

आई: तिथे नको ठेवूस तो खोका. कापड पसरलंय.

लेक: मग ठेवू कुठे? अख्ख्या दुकानात मोकळी जागा म्हणजे हे कटिंगचं टेबल.

बाबा: इकडे आण, इस्त्रीच्या फळीवर. खोक्याला सुरकुत्या पडल्यात, काढून देतो.

लेक: बाबा, आत कॉम्प्युटर आहे. आईसाठी. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी तीन तास बसमध्ये बसून आलेय, आणि तुम्हा दोघांना खोक्याची पडलीय.

आई: जेवलीस का नीट?

लेक: जेवले. विषय बदलू नकोस. बघ तरी. स्क्रीन त्या जुन्या डब्याच्या दुप्पट. कटिंगचं तयार सॉफ्टवेअर टाकून आणलंय, वर्षाची वर्गणी भरून. मापं घातली की नमुना आपोआप. आज तुझे सगळे नमुने यात घेते आणि जाताना तो डबा भंगारात देऊन जाते.

आई: छान आहे. दिसायला देखणा आहे. कोणाला देणारेस?

लेक: तुला, आई.

आई: मला आहे की.

बाबा: घे, झालं. फोनवर म्हटलं होतं ना तुला, आधी विचार म्हणून. ही एक वेळ नवरा बदलून घेईल, पण तो डबा नाही.

आई: तुम्ही कॉलर बघा. करपेल.

लेक: अगं, अकरा वर्षं झाली त्याला. मी एकोणीस वर्षांची होते. वाकून वाकून खाकी कागदावर नमुने काढून तुझा खांदा गेला होता, म्हणून कॉलेजने टाकून दिलेला कॉम्प्युटर आणला आणि त्यात लिनक्स घातलं, ते पेंग्विनच्या चिन्हाचं, फुकट आणि कोणालाही बदलता येणारं. ते तात्पुरतं होतं.

आई: तात्पुरता म्हणजे कच्चा टाका. कच्चा टाका मला लांबून ओळखू येतो. तो तसा नव्हता. महिनाभर या स्टुलावर बसून शिकवत होतीस मला. पेंग्विनचं चित्र असलेला तो टी-शर्ट, धुवायलासुद्धा उतरवायची नाहीस.

बाबा: आणि मामाकडे जेवायला गेलो होतो तेव्हा? ताट समोर आलेलं, आणि ही त्यांना सांगतेय, तुमचा कॉम्प्युटर तुमचा नाहीच मामा, तुम्ही त्यात भाडेकरू आहात. मामाचा घास हातात तसाच.

लेक: एकोणीस वर्षांची होते, बाबा.

आई: बटणांची पट्टी स्क्रीनच्या वर हवी की खाली, यावरून मैत्रिणीशी तीन आठवडे अबोला धरलास.

लेक: ती म्हणत होती खालीच हवी. जाऊ दे. त्या वयात माणूस कशावरूनही भांडतं.

आई: मला नाही तसं वाटत. तू म्हणायचीस, आई, कात्री विकत घेतलीस तर कात्रीवाला रोज दुकानात येऊन सांगतो का, हे काप आणि ते कापू नको? मला पटलं होतं. अजून पटतं.

लेक: आणि मला आता वाटतं, कात्री चालली म्हणजे झालं. कोणी बनवली, आतून कशी आहे, कशाला बघायचं? ऑफिसात सगळे जे वापरतात ते मी वापरते. उघडायचं, काम करायचं, बंद करायचं.

आई: आवडतं तुला?

लेक: आवडण्याचा प्रश्न नाही.

आई: बरं. मग मला एवढंच सांग. पुढल्या वर्षी ही वर्गणी भरली नाही तर माझे नमुने उघडतील?

लेक: उघडतील.

आई: बदलता येतील?

लेक: बघता येतील.

आई: म्हणजे गाण्याच्या मास्तरांची पँट मला बघता येईल, पण मास्तरांचं पोट सुटलं तर सैल करता येणार नाही.

लेक: मी भरत जाईन ना दर वर्षी.

आई: चारशे बारा माणसांची अंगं आहेत त्यात. कोणाचा उजवा खांदा उतरलेला, कोणाचा एक पाय आखूड. घरच्यांना माहीत नाही ते मला माहीत असतं. त्याला कुलूप लावायचंच असेल तर किल्ली माझ्याच कमरेला हवी.

लेक: ठीक आहे. वाद मग घालू. नमुने कॉपी तरी करू देशील? त्यात तुझं काही जात नाही.

आई: कर की. तुला कोण नाही म्हणतंय?

(लेक खिडकीजवळच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसते.)

लेक: अजून माझंच नाव येतंय? 'भिंगरी'. इतकी वर्षं तू माझ्याच नावाने आत जातेस?

आई: बटण दाबलं की तेच येतं समोर. पासवर्डही तोच.

लेक: एक मिनिट. हे काय? हा डेस्कटॉप मी दिलेला नाही. माझ्यात खिडक्या उघडताना लाटेसारख्या हलायच्या. आठवडा घालवला होता मी त्या लाटांवर.

आई: फार नाचायचं ते. काढून टाकलं.

लेक: तू?

आई: आत जाताना यादी येते ना, तिच्यात डेस्कटॉपच्या आणखी सहा-सात तऱ्हा होत्या. एकेक आठवडा वापरून बघितल्या. एक नुसतीच चकचकीत, एक उघडेपर्यंत शिवण पुरी व्हायची. ही बरी वाटली. पट्टी डावीकडे घेतली, कारण उजवा हात कात्रीचा. मागचा रंग राखाडी केला, डोळ्यांना सोसतो.

लेक: पट्टी डावीकडे. आम्ही दोघी वर की खाली म्हणून भांडत होतो. डावीकडे सुचलंच नाही कोणाला.

बाबा: तुम्ही दोघी काही कापत नव्हतात ना.

लेक: आणि सिस्टिमपण याच वर्षीची आहे. मी शेवटची टाकली त्याला सहा वर्षं झाली. कोण येतं इथे दुरुस्तीला?

आई: कोण येणार? मी टाकते. दर वर्षी दुकान आठवडाभर बंद असतं तेव्हा. आधी सगळे नमुने दोन पेनड्राइव्हवर घ्यायचे. एक या खणात, एक घरी धान्याच्या डब्यात.

बाबा: एकदा निवडताना माझ्या हाती आला होता. म्हटलं, खडाच मोठा आहे.

लेक: मला फोन का नाही केलास?

आई: पहिल्यांदा केला होता. तू म्हणालीस, आई, मीटिंगमध्ये आहे, ते आता सोडून दे, नवीन काहीतरी घेऊ. तुझ्याकडे वेळ नव्हता. मी सोडलं नाही, एवढंच.

लेक: मला आठवतसुद्धा नाही.

आई: रागाने नाही सांगत. तुझं तेव्हा नवं नवं होतं सगळं.

लेक: नमुन्यांचा प्रोग्राम बघते. हाही नवाच. कितवं व्हर्शन आहे ते बघायला हवं, नाहीतर फायली तिकडे उघडायच्या नाहीत. 'माहिती'त असेल. हं. आणि ही आभारांची यादी. केवढी लांबलीय. ही यादी मी वरून खालपर्यंत वाचायचे, माहितेय?

आई: माहितेय. एक दिवस यात माझं नाव येईल, म्हणायचीस.

लेक: हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना दोनदा दुरुस्ती पाठवली. दोन्ही वेळा परत आली. त्यांचं बरोबरच होतं म्हणा, कच्चं काम होतं माझं. थांब. हे कोण?

बाबा: आलं.

आई: तुम्ही कॉलर बघा म्हटलं ना.

लेक: 'भिंगरी'. इंग्रजी अक्षरांत आहे, पण भिंगरीच. पुढे लिहिलंय, कागदाच्या सांध्यातली चूक शोधल्याबद्दल, आणि फोटोंबद्दल. आई, जगात दुसरी कोणी भिंगरी आहे का?

बाबा: असेल की. एका जागी न बसणाऱ्या पोरी सगळीकडेच जन्माला येतात.

लेक: बाबा, थट्टा नको.

आई: सांगते. पण हसायचं नाही. दोन वर्षांपूर्वी हा प्रोग्राम नवा आला, मी टाकला. त्यानंतर गिऱ्हाइकं यायला लागली, कंबरेला घट्ट होतंय म्हणून. आधी गाण्याचे मास्तर, मग दातांचे डॉक्टर, मग ग्रंथपालबाई. मला वाटलं, वय झालं. माझे डोळे गेले, माझा खडू चुकतोय.

बाबा: आणि त्यांना वाटलं, पोट वाढलं. तिघांनी मिळून खाणं सोडलं. दातांचे डॉक्टर संध्याकाळी नुसतं सूप प्यायचे. ग्रंथपालबाई रोज सकाळी पुलापर्यंत चालायला लागल्या.

आई: हसायचं नाही म्हटलं. तुम्हीसुद्धा. माझ्या जिवावर आलं होतं ते. तीस वर्षांत माझ्या हातचं कापड कोणाला कमी पडलं नव्हतं. मी यांना विचारलं, आता कात्री ठेवून देऊ का?

बाबा: विचारलं होतं. त्या दिवशी मीही काही विनोद केला नाही.

लेक: मग?

आई: ग्रंथपालबाईंचा स्कर्ट तिसऱ्यांदा परत आला. मी टेप घेतली आणि बाईंनाच मापलं. माप जुनंच. एवढं चालून उलट जरा कमीच. म्हणजे बाई वाढल्या नव्हत्या. मग कापड मापलं. खडूच्या रेघेशी बरोबर. मग रेघेखालचा कागद मापला. नमुना मोठा असतो, आपल्या प्रिंटरचा कागद लहान, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी छापायचा आणि चिकटवायचा. तूच शिकवलंस.

लेक: हो, हो. पुढे.

आई: एकटा कागद घेतला तर बरोबर. दुसरा जोडला की सांध्याला चार मिलिमीटर गायब. कुठलाही नमुना घे, प्रत्येक सांध्याला चार. कंबरेचे भाग चार, प्रत्येकात कागदाचा एक सांधा. सोळा मिलिमीटर. तेवढीच पोटं वाढली होती सगळ्यांची.

लेक: कागदाच्या कडेची कोरी जागा दोनदा वजा होत असणार. स्क्रीनवर तर दिसणारच नाही ते.

आई: स्क्रीनवर नाहीच दिसलं. टेपवर दिसलं.

लेक: आणि तू त्यांना लिहिलंस.

आई: कुठे लिहायचं ते तूच दाखवलं होतंस. चूक सापडली तर बोटं मोडत बसायचं नाही, जाऊन सांगायचं, कारण तिथे ऐकणारी माणसं असतात. माझं इंग्रजी तुला माहितेय. चार वाक्यं लिहिली आणि नऊ फोटो लावले. कागदावर टेप ठेवून.

लेक: काय म्हणाले?

आई: तुमच्या प्रिंटरची चूक असेल म्हणाले. गोड बोलले, पण म्हणाले तेच.

बाबा: त्या संध्याकाळी आमच्या घरात भांडी फार जोरात घासली गेली.

आई: मग ग्रंथालयातल्या प्रिंटरवर छापलं. मग शाळेच्या ऑफिसात. तिन्हीकडे चार मिलिमीटर. पुन्हा फोटो. शिवाय मांजरपाटाच्या दोन कंबरा शिवल्या. एक आधीच्या प्रोग्रामने छापलेल्या नमुन्यावर, एक नव्या. दोन्ही यांच्या पोटावर चढवल्या आणि तेही फोटो पाठवले.

बाबा: एकीचा हुक लागला, दुसरीचा लागेना. माझं पोट जगभर गेलं, भिंगरे.

लेक: तो फोटो अजून आहे तिथे?

बाबा: आहे. डोकं कापलंय हिने, नशीब माझं.

आई: आठवड्याने उत्तर आलं. चूक सापडली, तुमचं बरोबर होतं, आमचं चुकलं. पुढल्या व्हर्शनमध्ये दुरुस्त झाली. त्याखाली मग कुठकुठल्या शिंप्यांनी लिहिलं. एकाने या पायी नवा प्रिंटर घेतला होता. एक बाई म्हणाली, मी शिवणकाम बंद करणार होते, वाटलं हात गेला. ते वाचून मी रडले. कात्री मी एकटीच ठेवायला निघाले नव्हते.

लेक: आणि त्या तिघांचं काय?

आई: कपडे सैल करून दिले आणि सांगितलं, तुम्ही वाढला नाहीत, माझा कागद आटला होता.

बाबा: डॉक्टर लगेच जेवायला लागले. ग्रंथपालबाई अजून चालतात. म्हणतात, पूल आवडला.

लेक: इतकं सगळं झालं, आणि मला एक शब्द नाही. मी याच धंद्यात आहे, आई.

आई: म्हणूनच. माझी ती चार वाक्यं तू वाचशील, याची लाज वाटायची. आणि तुझं मन त्यातून उडालं होतं. उगीच कशाला टोचायचं?

लेक: आणि तिथलं खातं माझ्या नावाचं, म्हणून यादीत आपोआप माझं नाव गेलं.

आई: हो. आपोआप.

बाबा: आपोआप नाही.

आई: अहो.

बाबा: कॉलर झाली माझी. आता बोलतो. त्यांनी पत्र पाठवून विचारलं होतं, आभारात कोणतं नाव लिहू. ही दोन दिवस विचार करत होती. मी म्हटलं, तुझं घाल, काम तुझं आहे. तर म्हणाली, दुसऱ्यांदा दुरुस्ती परत आली तेव्हा पोरगी जेवली नव्हती.

लेक: मला नको असं नाव.

आई: भिंगरे, अगं—

लेक: नाही, ऐक. मला रडू येतंय आणि रागही येतोय. दुसऱ्याने कापलेल्या कोटाला आपलं लेबल लावतो तो कोपऱ्यावरचा दुकानदार. त्याला तू काय म्हणतेस?

आई: ते वेगळं.

लेक: काय म्हणतेस?

आई: चोर म्हणते.

लेक: मग मला का त्याच्या रांगेत बसवलंस?

आई: माझ्या मनात तसं नव्हतं गं. तुला हवं होतं, आणि माझ्या हातात आलं होतं. कोणत्या आईने दिलं नसतं?

लेक: माहितेय. पण मी काय केलं ते बघ. माझी दुरुस्ती परत आली आणि मी सोडून दिलं. ऑफिसात पेंग्विन म्हटलं की पोरं हसायची, तर मीही त्यांच्याबरोबर हसायला लागले. तुझं परत आलं तेव्हा तू दोन प्रिंटर शोधलेस आणि बाबांच्या पोटाला मांजरपाट बांधला. आणि मी आज तुला कॉम्प्युटर शिकवायला आलेय. तुझा इतका अभिमान वाटतोय ना, की उद्या ऑफिसात सगळ्यांना उभं करून सांगणारेय. पण सांगणार ते तुझं म्हणून. त्यांना मी आत्ता लिहिते, यादीतलं नाव बदला म्हणून.

आई: इतकंच मनावर घेतलंयस तर लिही. पण 'शिवणकाम करणारी बाई' असं काही लिहू नकोस.

लेक: मग काय लिहू?

आई: कटर. शिवतात सगळेच. माझी आई कटर आहे, असं लिही.

बाबा: आणि नवऱ्याबद्दल?

आई: नवऱ्याचा फोटो आहेच तिथे.

लेक: लिहिलं. 'चूक माझ्या आईने शोधली. ती तीस वर्षं कटर आहे. मी फक्त तिची मुलगी.' पाठवू?

आई: 'फक्त' काढ. मग पाठव.

लेक: गेलं. आता हा नवा परत नेते. दुकानदार घेईल.

आई: परत का? पोरीने एवढा बसमधून मांडीवर आणलेला. स्क्रीन मोठी आहे, मला बरी पडेल. यावर आपलं पेंग्विन बसतं का?

लेक: बसतं. पण आत आहे ते सगळं पुसावं लागेल. वर्गणीचं सॉफ्टवेअरपण.

आई: उसवल्याशिवाय सैल होत नाही काही. पुसू.

लेक: तूच पूस. दर वर्षी करतेस ना? मी स्टुलावर बसून बघते.

आई: सरक मग. अहो, तो खोका उतरवा फळीवरून. आणि खणातला निळा पेनड्राइव्ह द्या.

बाबा: निळा. हे घे. मला कोणी यादीत घालत नाही, पण सामान कुठे आहे ते मलाच माहीत.

लेक: हे कुठून शिकलीस? मी अजून कागदावर टिपून घेते या पायऱ्या.

आई: पहिल्या वेळी मीही टिपल्या होत्या. मग हाताला बसलं. कापताना कोण कागद बघतं?

लेक: पट्टी डावीकडे?

आई: डावीकडे.

लेक: मीही करून बघणारेय, माझ्या लॅपटॉपवर.

आई: तुझ्या लॅपटॉपवर पेंग्विन कुठेय?

लेक: आज घरी पोचले की असेल. ऑफिसच्या नाही, माझ्या स्वतःच्या.

बाबा: मामाला फोन करून ठेवतो. म्हणावं, जेवून घ्या आधीच.

लेक: हे बघ, नाव विचारतंय. वापरणाऱ्याचं. घाल, 'कटर' घाल.

आई: म्हणजे सकाळी बटण दाबलं की 'कटर' असं येणार?

लेक: हो. तुझा कॉम्प्युटर, तुझं नाव.

आई: यादीत माझं घातलंस, ते बरोबर केलंस. तिथे कामाचं नाव लागतं. इथे नको. मला हाक मारायला तुझे बाबा आहेत, सगळी गल्ली आहे. दुकान उघडून बसलं की पहिलं तुझं नाव दिसतं, त्यावर दिवस सुरू होतो माझा.

लेक: आई.

आई: घातलं मी. पासवर्डही तोच ठेवते.